कंसाच्या आत काय आहे?

शाळेत गणित भेटतं ते सूत्रांच्या रूपात, आणि सूत्र म्हणजेच फंक्शन ही समजूत पुढे कॉलेजातही सुटत नाही. अकरावीत डोमेन (फंक्शनमध्ये घालायच्या किमती) आणि रेंज (त्यातून मिळणाऱ्या किमती) येतात, तेही उत्तराखाली लिहायच्या दोन ओळी म्हणून. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. डोमेन बदललं की सूत्र तेच राहूनही फंक्शन बदलतं. क्षचा वर्ग घ्या. सर्व वास्तव संख्यांवर त्याची रेंज [०, ∞) आहे, चौकोनी कंसाने शून्य आत घेतलं, गोल कंसाने अनंत बाहेर ठेवलं, कारण अनंत ही संख्याच नव्हे. डोमेन [−१, २] केलं तर रेंज [०, ४] होते. टोकांचेच वर्ग पाहून [१, ४] लिहिणारा मधलं शून्य विसरतो. डोमेन [०, ∞) ठेवलं, तर या फंक्शनला उलटं फंक्शन मिळतं: वर्गमूळ. १५०° चा साइन ०.५ येतो, पण ०.५ चा उलटा साइन विचारला की कॅल्क्युलेटर ३०° सांगतो. यंत्र चुकत नाही. साइनचं डोमेन आधीच [−९०°, ९०°] एवढं आखून घेतलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, सूत्राला जिथे अर्थ आहे तेच डोमेन, वेगळं कशाला लिहायचं? १/(क्ष − ३) मध्ये ३ वगळायचे, हे तर दिसतंच. स्वाध्यायापुरता हा संकेत सोयीचा आहे, बाहेर मात्र तो फसवतो. २० मीटरवरून सोडलेल्या दगडाची उंची ढोबळमानाने २० − ५ट² मीटर (ट म्हणजे सेकंद). ट = ३ घातलं तर सूत्र निमूटपणे −२५ देतं; दगड दुसऱ्या सेकंदालाच जमिनीवर पडलेला असतो. [०, २] ही मर्यादा सूत्रात कुठेच दिसत नाही. सूत्रालाच फंक्शन मानण्याची सवय जुनी आहे: गणितज्ञ ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात फंक्शनला राशींची मांडणीच मानलं होतं. डिरिश्लेने १८२९ मध्ये परिमेय संख्यांना एक किंमत आणि अपरिमेयांना दुसरी देणारं फंक्शन पुढे ठेवलं, तेव्हा ती कल्पना अपुरी पडली. डोमेन आधी लिहायला लावणं नवशिक्यावर ओझं होईल, ही भीती मला पटत नाही. ओझं असलंच तर रेंज शोधण्याचं आहे, आणि डोमेन ठरल्याशिवाय ते काम सुरूच होत नाही. लॉग क्ष² आणि २ लॉग क्ष हे एकच मानणाऱ्याने क्षच्या जागी −१ घालून पाहावं: पहिल्याचं उत्तर शून्य, दुसऱ्याला वास्तव संख्यांत उत्तरच नाही.