अर्ध्या कोसाची वाट

सत्तरी उलटलेल्या माणसाला त्याचेच गाव कोणी हिंडवून दाखवावे आणि त्यासाठी पैसेही मोजले जावेत, यापरते नवल कोणते? पण परवा एका रविवारी तसे घडले खरे. वाढदिवसाची भेट म्हणून सूनबाईंनी मला मुंबईच्या ‘खाद्यभ्रमंती’चे तिकीट आणून दिले. मी जन्माने गिरगावकर. मुंबईत काय खावे हे मला शिकविणारा अजून जन्मास यावयाचा आहे, असा माझा समज. तरीही भेटीचा अव्हेर कसा करावयाचा? ठरल्या वेळी मी धोबीतलावावर हजर झालो.

आम्ही आठजण होतो. वाट दाखविणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची, पण बोलण्यात मोठी चोख. १९०४ साली निघालेल्या कयानीच्या हॉटेलात तिने आम्हांस ब्रून-मस्का खाऊ घातला आणि इराणातून आलेल्या माणसांनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर आपले धंदे कसे थाटले, ते सांगितले. तो कडक पाव चहात बुडविताच वर लोण्याचे तवंग तरंगू लागले आणि मी पुन्हा दहा वर्षांचा झालो. इराण्याकडे आम्ही मुले चोरून जात असू. घरात पावाला मज्जाव होता. विहिरीत पाव टाकून गावे बाटविल्याच्या कथा आईने लहानपणी ऐकल्या होत्या, आणि त्या तिच्या मनातून कधी गेल्या नाहीत.

ठाकुरद्वारी मिसळ झाली. “इथे पूर्वी चाळींत मराठी माणसे राहत,” मुलगी म्हणाली. त्या ‘पूर्वी’ने मी चमकलो. पण नव्या मनोऱ्यांकडे मान वर करून पाहिले आणि तिच्या व्याकरणात चूक काढण्याचा विचार सोडून दिला. आपल्यापैकी कोणी इथले आहे का, असेही तिने विचारले. मी गप्प राहिलो. का, कोण जाणे.

भुलेश्वरात फाफडा-जिलबी खाऊन, गल्लीबोळ ओलांडीत आम्ही दुपारच्या सुमारास मिनारा मशिदीपाशी आलो. फिरनीची मातीची शिकोरी हातात पडली. आणि तेथे, इतक्या गर्दीत, मला एकाएकी परके वाटू लागले. गिरगावाहून हा भाग फार तर अर्धा कोस. पण उभ्या आयुष्यात या रस्त्यावर मी तोंडात घास घातला नव्हता.

शाळेतला माझा एक सोबती इथलाच, भेंडीबाजारातला. दिवाळीला तो आमच्या घरी फराळाला येई. चकल्यांवर त्याचा भारी जीव. आई त्याला पोटभर वाढी. हात आखडणारी ती बाई नव्हती. मात्र त्याचा चहा कान तुटलेल्या एका निराळ्या कपातून येई, आणि तो कप गॅलरीतल्या कोनाड्यातच राही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले, ही हकीकत वडील मोठ्या रंगात सांगत. आम्ही सगळे पोट धरून हसत असू. कप आपल्या जागी असे.

ईदेला तो मला शीरखुर्म्याचे आमंत्रण करी. खारीक, शेवया, दूध, चारोळी, सगळे तो इतके रसभरित वर्णन करून सांगे की तोंडाला पाणी सुटे. घरातून कोणी मला ‘जाऊ नको’ म्हटले नव्हते. विचारण्याचीच माझी छाती झाली नाही. सहा वर्षांत सहा वेळा मी पोटदुखीची सबब सांगितली. सातव्या वर्षी त्याने बोलावले नाही. भांडण नाही, अबोला नाही. चकल्या खायला तो त्याही दिवाळीत आला, आणि मॅट्रिकनंतर कोठे गेला ते मी कधी शोधले नाही.

“आजोबा, फिरनी आवडली ना?” मुलीने विचारले.

“आवडली. इथे शीरखुर्मा कोठे मिळेल?”

ती हसली. “तो असा दुकानात जाऊन खायचा नसतो, आजोबा. ईदेला घरोघरी करतात. कोणी बोलावले तर जायचे. तुमच्या ओळखीचे आहे का कोणी इकडे?”

मी रिकामे शिकोरे पुन्हा एकदा खरवडू लागलो.