सांगणारी आणि न सांगणारी

आमच्या बेळगावच्या घरी पीस लिली आणि अँथुरियम शेजारीशेजारी आहेत. दोघींचं कूळ अळूचं, माहेर उष्ण मुलखातलं. कडक ऊन दोघींनाही सोसत नाही आणि पानं चावली तर तोंड चरचरतं, म्हणून नातवंडांपासून दूरच बऱ्या! लिली कमी उजेडातही तग धरते. अँथुरियमला भरपूर उजेड नसेल तर फूल धरत नाही.

पण खरा फरक स्वभावाचा. लिली तहानली की मान टाकते, पाणी घातलं की काही तासांत उभी. अँथुरियमच्या कुंडीत पाणी साचलं तर मुळं गुपचूप कुजतात. पानं पिवळी पडली की मगच कळतं. बायकांतही असंच नाही का? रडणारीकडे सगळे धावतात, गप्प बसणारीला कोण विचारतं? मी रोज मातीत बोट घालून आधी अँथुरियमलाच विचारते, ‘बरी आहेस ना गं?’