फॉरमॅट मारण्याआधी

संगणक बिघडला की गिऱ्हाईक निदान करूनच दुकानात येतं. "व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारून टाका." पिशवीतला सीपीयू टेबलावर ठेवायच्या आत हे सांगून झालेलं असतं. मुरगूडमधलं कुणी असो, की यमगे, निढोरी, चिमगाव, कुरणीचं, मागणी हीच. आणि ही सवय लोकांना आमच्या धंद्यातल्यांनीच लावली आहे. फॉरमॅट मारणं सोपं. दोन तासांत विंडोज नवी, पडदा चकचकीत, गिऱ्हाईक खूश. पण बिघाड का झाला होता याचा मागमूसही त्या दोन तासांत पुसला जातो, आणि त्याबरोबर कधी मुलाच्या बारशाचे फोटो, कधी दूध संस्थेचे जुने हिशेबही जातात. कारण कळल्याशिवाय काही पुसायचं नाही, हा माझा या कामातला हट्ट आहे.

सुरुवात विचारपूस करण्यानं होते. कधीपासून होतंय? सकाळी की रात्री? त्याच्या आधी घरात काय नवीन आलं, काय हललं? या प्रश्नांना लोक कंटाळतात. संगणक बिघडलाय आणि हा घरातल्या पंख्याची चौकशी कशाला करतोय, असं त्यांना वाटतं. एका शिक्षकांचा संगणक संध्याकाळी अचानक बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. दोनदा फॉरमॅट मारून झाला होता, तरी तेच. दुकानात आणला की दिवसभर तक्रार नाही. शेवटी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसलो. शेजारच्यांनी पाण्याची मोटर लावली, क्षणभर दिवा मंदावला आणि संगणक गेला. एवढ्यावर निदान झालं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा, साधारण १६ मिलिसेकंद वीज खंडित झाली तरी आतल्या साठ्यावर तग धरतो. हा साठा धरतात कपॅसिटर, आणि यांच्या एसएमपीएसमधले कपॅसिटर माथ्यावर फुगले होते. विंडोजचा त्यात काडीचाही दोष नव्हता. एसएमपीएस बदलला, काम संपलं.

आपल्याकडच्या बिघाडांची मुळं फार वेळा अशी विजेत सापडतात. शहरात बसून लिहिलेल्या दुरुस्तीच्या पुस्तकांत भिंतीतली वीज ठीक आहे असं गृहीत धरलेलं असतं. इथं ते धरता येत नाही. दाब २३० व्होल्ट असायला हवा. भागात शेतीपंप सुरू झाले की मीटरवर तो बराच खाली दिसतो, आणि रात्री भार उतरला की चढतो. म्हणून माझ्या पिशवीत मल्टिमीटर आधी जातो, पेनड्राइव्ह नंतर. "कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत्यात" ही तक्रार तर घराघरात आहे. त्याचं कारण अर्थिंग. एसएमपीएसमधला फिल्टर नको असलेले सूक्ष्म प्रवाह अर्थिंगच्या तारेतून बाहेर काढतो. भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागं तारच जोडलेली नसते. मग निम्म्याच्या आसपास दाब लोखंडी डब्यावर येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असल्यानं माणसाला सहसा इजा होत नाही, मात्र बिनअर्थिंगच्या घरात यूएसबीचे पोर्ट अन् साउंड कार्ड जास्त मरतात, असं मी पाहत आलोय. अशा घरात मी आधी वायरमनला बोलवायला सांगतो. लोकांना वाटतं मी काम टाळतोय. टाळत नाही, तेच खरं काम आहे.

वळवाचा पाऊस हा तर आमचा हंगाम. मे महिन्यात दुपारनंतर ढग दाटतात, गडगडाट होतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर मेलेले राउटर येऊन बसतात. तांब्याच्या टेलिफोन लाइनवर इंटरनेट चालायचं तेव्हा आणखी वाईट होतं. वीज कुठं लांब पडली तरी तारेत लाट उठायची, मोडेम जाळून लॅनच्या वायरीतून थेट मदरबोर्डपर्यंत पोचायची. आता घरात येते ती फायबर, काचेची. काचेतून वीज वाहत नाही. पण आपण निर्धास्त व्हावं असं नाही. खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या केबलमध्ये काचेच्या तंतूच्या जोडीला बळकटीसाठी पोलादी तार असते; ती बाहेरच कापून ठेवायची असते. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची लॅन वायर तांब्याचीच असते. आणि राउटरचा अॅडॉप्टर तर सॉकेटमध्येच असतो. ढग आले की प्लग काढून ठेवणं याहून स्वस्त संरक्षण मला अजून सापडलेलं नाही.

त्या तांब्याच्या तारेची एक गोष्ट मात्र मला आजही आवडते. नेट तुटतंय म्हटलं की फोनचा रिसीव्हर कानाला लावायचा. खरखर ऐकू आली की खांबावरच्या जोडात पाणी शिरलंय हे पक्कं. कानानं निदान करता यायचं. फायबरमध्ये कानाला काम उरलं नाही. तिथं आकडे वाचावे लागतात.

हे आकडे वाचायला मी आता शेजारपाजारच्या पोरांनाही शिकवतो, कारण ते कठीण नाही. घरातल्या फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला की प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. मग संगणकात काहीही करून उपयोग नाही. दिवा हिरवागार असून नेट अडखळत असेल तर डब्याच्या सेटिंगमध्ये शिरून प्रकाशाची ताकद पाहायची. ती उण्यात असते. उणे २० च्या आसपास असली की उत्तम, उणे २७ च्या खाली गेली की डबा चाचपडायला लागतो. यात दर तीन अंकांना प्रकाश निम्मा होतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. एका घरी नेट रोज दुपारीच जायचं. कंपनीकडे तक्रारी झाल्या, डबा बदलून झाला. दुपारी जाऊन पाहिलं तर आकडा उणे २९. घरातल्या आजी दुपारी पडायच्या आधी ऊन येतं म्हणून खिडकी ओढून घ्यायच्या, आणि फायबर त्याच खिडकीच्या फटीतून आत आलेली. खिडकी उघडली, आकडा उणे २१. आठ अंकांचा फरक, म्हणजे दाबलेल्या काचेतून प्रकाश सहापटींनी कमी येत होता. वाकलेली फायबर तुटलेली दिसत नाही. वळणावर तिच्यातला प्रकाश बाहेर झिरपतो. भिंतीला वेगळं भोक पाडलं आणि आजींची झोपही मोडली नाही.

गावाबाहेरच्या बिघाडांना आमच्या भागात ऋतू असतो. बिद्रीचा आणि हमिदवाड्याचा साखर कारखाना सुरू झाला की निपाणी-मुदाळतिट्टा रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या सुरू होतात. ऊस ट्रॉलीच्या वर किती उंच रचतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. रस्ता ओलांडून गेलेली फायबर थोडी जरी झोळ पडून लोंबली असेल तर वरची मोळी तिला ओढत नेते. मग एका गल्लीचे सगळे दिवे लाल. अशा वेळी लोक दुकानात राउटर घेऊन येतात. मी आधी विचारतो, शेजारच्या घरात नेट आहे का? शेजारीही नसेल तर राउटर घरी न्या, बिघाड खांबावर आहे. हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत आणि निम्मी धावपळ वाचते.

शेजारी नेट असेल तर वाट तोडत जायची. संगणकापासून बाहेरच्या जगापर्यंतची वाट टप्प्याटप्प्यानं पिंग करून, म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का ते, पाहायची: आधी १२७.०.०.१, म्हणजे संगणक स्वतःशी बोलतोय का, मग १९२.१६८.१.१ किंवा जो काही राउटरचा पत्ता असेल तो. मग बाहेरचा ८.८.८.८, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचं नाव. जिथं उत्तर येणं थांबतं तिथं बिघाड. आकडा पोचतो आणि नाव पोचत नाही, याचा अर्थ नेट चालू आहे, फक्त नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा गंडली आहे. ती बदलायला दोन मिनिटं लागतात. गिऱ्हाईकाच्या लेखी हे सगळं "नेट गेलंय" एवढंच असतं. पिंग हा छोटासा प्रोग्राम माइक म्यूस या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. त्याच्या जाळ्यात काहीतरी विचित्र चाललं होतं, ते शोधायला त्यानं एका रात्रीत हे साधन बनवलं. दुरुस्ती करणाऱ्या माणसानं स्वतःच्या गरजेपोटी घडवलेलं हत्यार चाळीस वर्षांनंतर मुरगुडात माझ्या हाती आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

दुसरी नेहमीची तक्रार, "लई स्लो चालालंय." इथं फॉरमॅटचा मोह सर्वांत मोठा आणि धोकाही सर्वांत मोठा. जुनी फिरती हार्ड डिस्क मरायला लागली की आधी मंद होते. खराब झालेली जागा वाचायला ती पुन्हा पुन्हा धडपडते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती नोंद वाचणारे प्रोग्राम फुकट मिळतात. नोंदीत खराब जागांचा आकडा वाढताना दिसला की पहिलं काम एकच, आतला सगळा मजकूर दुसरीकडं उतरवून घेणं. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे धाप लागलेल्या म्हाताऱ्याला जोतिबाचा डोंगर चढायला लावणं. मजकूर उतरवला, एसएसडी बसवली की जुना संगणकही पुन्हा वर्षानुवर्षं घरकामाला चालतो.

देखभालीचा हा प्रश्न एकेका घरापुरता नाही. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात १९९८ मध्ये वारणानगर परिसरात एक मोठा प्रयोग झाला होता. वारणेच्या खोऱ्यातली सत्तर गावं संगणकांनी जोडायची, शेतकऱ्याला उसाच्या वजनाची, बिलाची माहिती गावातच द्यायची, असा तो प्रकल्प. देशभर त्याचं नाव झालं. २००७ च्या सुमारास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी तिथं काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तेच काम करून दाखवलं. संगणक चालते ठेवणं फार महाग पडत होतं, हे त्यामागचं एक कारण. मला यात संगणकाचा पराभव दिसत नाही. यंत्र गावात आणणं ही एकवेळची गोष्ट असते. त्याची देखभाल रोजची असते, आणि त्यासाठी त्या गावातच राहणारा, तिथली वीज, तिथला पाऊस माहीत असलेला माणूस लागतो. योजना आखताना या माणसाचा खर्च कुणी धरत नाही. आजही ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची कामं चालू आहेत, आणि सातबाऱ्यापासून ई-पीक पाहणीपर्यंत सगळं नेटवर आलं आहे. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी नेट गेलं तर पोराचं वर्ष जाऊ शकतं. म्हणून दुरुस्ती हे किरकोळ काम आहे असं मी मानत नाही. आयटीआयच्या पोरांना सॉफ्टवेअर टाकायला शिकवतात तसं निदान करायलाही वेगळं शिकवलं पाहिजे.

तोपर्यंत एवढं करा. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकाबाहेर ठेवा. आणि संगणकाजवळ एक वही ठेवून नेट गेलं किंवा यंत्र बंद पडलं की तारीख, वेळ, कोणता दिवा लाल होता, वीज होती का, पाऊस होता का, एवढं लिहा. दुरुस्तीला येताना संगणकाबरोबर ती वहीही घेऊन या.