दानाला घातलेली अट

अमेरिकेत मुलालेकींकडे जाऊन आलेल्या आपल्या समाजबांधवांच्या प्रवासवर्णनांत नायगारा असतो, न्यूयॉर्क असते, शिकागोचे जिनालय असते. इंडियाना राज्यातील बार्थोलोम्यू काउंटी मात्र सहसा आढळत नाही. तिचे मुख्य गाव कोलंबस. वस्ती सुमारे ५० हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. जावई तेथील कमिन्स या इंजिन कंपनीत असल्याने गेल्या उन्हाळ्यात तेथे राहण्याचा योग आला. हे नाव पुणेकरांना परके नाही. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत ही कंपनी पुण्यात आली. उन्हाळ्यात तेथे सूर्यास्त रात्री नवाच्या सुमारास होतो. चौविहार सांभाळूनही फिरावयास भरपूर उजेड उरे, आणि फिरावे असे त्या गावात पुष्कळ आहे.

१८७४ साली पुरे झालेले विटांचे, उंच मनोऱ्याचे न्यायालय आजही दिमाखात उभे आहे. पण गावाची कीर्ती झाली ती नंतरच्या इमारतींमुळे. १९४२ साली एलिएल सारिनेन यांनी बांधलेले ‘फर्स्ट ख्रिश्चन चर्च’ म्हणजे साध्या, सरळ रेषांचा विटांचा चौकोन आणि शेजारी १६६ फुटांचा मनोरा. नक्षी जवळजवळ नाही. तरी आत पाऊल ठेवताच मन निवते. आय. एम. पै यांचे ग्रंथालय आणि त्यापुढील हेन्री मूर यांची कांस्याची प्रचंड कमानही पाहण्यासारखी आहे.

व्यापाऱ्याच्या डोळ्यांना भावली ती मात्र १९५४ ची बँक. वास्तुकार एलिएल यांचे चिरंजीव, एरो सारिनेन. त्या काळी बँक म्हणजे दगडी खांब, लोखंडी गज, किल्ल्यासारखा थाट. ही बँक मात्र काचेच्या भिंतींची, रस्त्यावरून आरपार दिसणारी. कारकून आणि ग्राहक यांच्यामध्ये जाळी नव्हती. आपल्या जुन्या पेढीवर गादीवर बसलेले शेठजी वाटेवरूनच दिसत. हिशेब चारचौघांसमोर होई. तोच विश्वास तेथे काचेत उतरला आहे असे मला वाटले.

या सर्वांमागे जे. अर्विन मिलर हे गृहस्थ होते. कमिन्सची सुरुवात १९१९ ची. क्लेसी कमिन्स हा मिलर घराण्याचा मोटारचालक व कारागीर. घराण्यातील सावकाराने त्याच्या इंजिनावर भांडवल लावले. नफा दिसावयास अनेक वर्षे लागली, पण हात आखडला नाही. पुढे मिलर यांनी कारखाना वाढविला. युद्धानंतर गावात मुलांची संख्या वाढली, नव्या शाळा हव्या झाल्या. तेव्हा कंपनीच्या प्रतिष्ठानाने असे ठरविले, की वास्तुकाराचे मानधन आम्ही देऊ; मात्र आम्ही दिलेल्या नामवंतांच्या यादीतून त्याची निवड शाळामंडळाने करावी. बांधकामाचा खर्च गावाचा, इमारतही गावाची. पहिली शाळा १९५७ मध्ये उभी राहिली. मागून अग्निशमन केंद्रासारख्या इमारतीही याच वाटेने आल्या.

या अटीचा मी पुष्कळ विचार केला. दात्याने मागितले ते काम उत्तम व्हावे एवढेच; निवड दुसऱ्यांच्या हाती सोडली. आपल्याकडेही राणकपूरच्या मंदिरासंदर्भात धरणाशाहांबरोबर शिल्पी देपा याचे नाव आजवर घेतले जाते. हल्लीच्या आपल्या बांधकामांत मात्र दात्यांच्या नावांची फरशी मोठी असते आणि शिल्पकाराचे नाव शोधूनही सापडत नाही.

कोलंबसची आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. १९६४ चे षट्कोनी ‘नॉर्थ ख्रिश्चन चर्च’ आकाशात शिरणाऱ्या १९२ फुटी शिखराचे. उपासकांची संख्या घटत गेली आणि अलीकडे ती मंडळी विसर्जित झाली. इमारत पाडली गेली नाही. ती सार्वजनिक ग्रंथालयाच्या हाती सोपविण्यात आली.

आमच्या गावच्या जुन्या धर्मशाळेचा प्रश्न सध्या ट्रस्टपुढे आहे. सागवानी खांब, चौक, आड, सारे पाडून तेथे संगमरवरी सभागृह व खाली दुकाने काढावीत असा विचार आहे. भाड्याचे उत्पन्न मलाही कळते. दुकानदारीतच आयुष्य गेले. परंतु नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, असे आपल्या परंपरेने सांगितले आहे. पुढील सभेत मी एवढेच मांडणार आहे : पाडण्याचा ठराव होण्यापूर्वी एका जाणत्या वास्तुकाराकडून पाहणी करून घ्यावी. त्याचे मानधन मी देईन; त्याची निवड मात्र सभेने करावी, आणि फरशीवर माझे नाव नसावे.