सर, कुठला दात?

दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला पेशंट पहिल्यांदा हाताखाली येतो, तेव्हा तो आम्हाला माणूस कमी आणि कोट्यातली केस जास्त वाटतो. इतके दात काढायचे, इतकी फिलिंग्ज करायची, लॉगबुकवर सह्या घ्यायच्या. "आज केसच मिळाली नाही," अशी कॅन्टीनमध्ये कुरकुर करताना आपण कुणाच्या तरी ठणक्याची वाट बघतोय, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पेशंटची सुरक्षितता म्हणजे पेपरात येणारा प्रश्न. उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचे १२१ अंश तोंडपाठ होते.

दात काढण्याच्या विभागात एक सिस्टर होत्या. चारचौघांत आम्हाला 'डॉक्टर' म्हणायच्या, एरवी 'बाळा'. मी फोर्सेप्स उचलला की त्या पेशंटकडे वळायच्या. "बाबा, दुखतंय त्या दातावर बोट ठेवा." मग केसपेपर, मग एक्स-रे. पेशंटची डावी बाजू समोरच्याच्या उजव्या हाताला येते. खालची पहिली दाढ डावीकडची असेल तर तिचा नंबर ३६, उजवीकडची असेल तर ४६. लिहिताना फरक एका आकड्याचा. छोटी फिल्म उलटी धरली तरी दाढ दाढच दिसते. फिल्मवरचा फुगीर ठिपका आपल्याकडे आहे ना, हे नखाने चाचपायला मला त्यांनी शिकवलं. पुस्तकात ते होतंच, माझ्या बोटांत नव्हतं.

"गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं की म्हातारी माणसं बिनदिक्कत 'नाही' म्हणायची. सिस्टर म्हणायच्या, "पिशवी दाखवा बघू." कधी तिच्यातून रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पट्टी निघायची. रोजची गोळी त्यांच्या हिशेबात औषधात धरलेलीच नसायची.

माझ्यावरचं मोठं ऋण मात्र एका सकाळचं आहे. विभागप्रमुख स्वतः दाढ काढायला उभे होते, आम्ही भोवती. सरांपुढे शंका गिळायची, ही आमची रीत. सिस्टरांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "सर, कुठला दात?" माझ्या पोटात गोळा आला. सर थांबले, दाढेचा नंबर सांगितला, पेशंटला बोट ठेवायला लावलं आणि मगच दाढ काढली. दाढ बरोबरच होती. चूक निघाली असती तर मी फक्त सिस्टरांची हुशारी लक्षात ठेवली असती. चूक नसतानाही विचारायचं असतं, आणि विचारलं म्हणून कुणाचा मान जात नाही, हे त्या दोघांनी मला एकही शब्द न समजावता शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची तपासयादी २००८ साली आली. पेशंट कोण, जागा कुठली, हे सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, असं तिच्यात आहे. ती वाचताना मला काही नवं वाटलं नाही.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा मी परगावी होते. त्या सकाळचं हे ऋण त्यांना सांगायचं राहिलंच.

आता माझा छोटा दवाखाना आहे. मदतीला नवी मुलगी आली की ती सुरुवातीला मला विचारायला लाजते. मीच सांगते, विचार म्हणून. घाईच्या वेळी तिचा प्रश्न मला अजून टोचतो. सरांसारखं सहज थांबणं काही जमलेलं नाही. पण नंबर सांगते, पेशंटला बोट ठेवायला लावते, आणि मगच हात घालते.