पदवीधराचे दुसरे मत

आमच्या हॉस्टेलमध्ये निवडणुकीचा विषय निघाला की सबमिशन बाजूला राहते आणि रात्रीचे दोन कधी वाजतात ते कळत नाही. कुठूनही सुटली तरी गाडी शेवटी कसाऱ्यालाच जाते, तशी चर्चाही एकाच प्रश्नावर येऊन थांबते : "अरे, शिकलेल्या माणसाचं मत आणि टँकरवर मत देणाऱ्याचं मत सारखं कसं?"

मित्रांनो, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आपल्या राज्यघटनेनेच त्याला थोडी जागा दिली आहे. कलम 171 प्रमाणे विधान परिषदेच्या साधारण एक बारांश जागा पदवीधर निवडून देतात. महाराष्ट्रात 78 पैकी 7. आपला ठाणे जिल्हा कोकण पदवीधर मतदारसंघात येतो, तिथे जून 2024 मध्ये मतदान झाले. म्हणजे पदवी मिळून तीन वर्षे झाली आणि अर्ज भरून नाव नोंदवले, की आपल्याला एक जास्तीचे मत. सरांना तर शिक्षक म्हणून आणखी एक मिळू शकते. मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींना मात्र एकच. ब्रिटनमध्येही पूर्वी विद्यापीठांचे वेगळे खासदार असत. 1948 च्या कायद्याने ते बंद झाले. आपल्याकडे अजून चालू आहे.

मावशींचे गाव शहापूर तालुक्यातच. तानसा, भातसा ही धरणे याच तालुक्यातली. तानसाचे पाणी मुंबईला 1892 पासून जाते आणि आज मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसातून जाते. आणि मे महिन्यात याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर! मत कोणाला देणार, असे विचारले तर मावशी म्हणाल्या, "टँकर वेळेवर कोण धाडतो ते आम्हालाच ठावं, बाळा."

आमच्यातला एक जण हसला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. पाइपमधला हेड लॉस आपण पेपरात काढतो. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना काय लॉस होतो, ते कुठल्याच पुस्तकात नाही. ती माहिती मावशींकडे आहे आणि सरकारपर्यंत ती त्यांच्या मतातूनच पोचते.

मग सगळ्यांचे सगळेच बरोबर का? अजिबात नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीवर एक काका ठासून सांगतात, की भातसाच्या पाण्यातून वीज काढून घेतात, म्हणून पाण्यातला कस जातो आणि पीक येत नाही. इलेक्ट्रिकलचा कोणीही सांगेल, टर्बाइन वरून येणाऱ्या पाण्याचा जोर वापरते, पाणी तेच राहते. काकांच्या या म्हणण्याला माझ्या लेखी वजन शून्य. पुलाचा स्लॅब किती जाडीचा हवा, हेही हात वर करून ठरवत नाहीत. पण पूल कुठे व्हावा, जमीन कोणाची जावी, पाणी आधी कोणाला मिळावे, याचा फॉर्म्युला कुठल्याच हँडबुकात नाही. तिथे काकांचे मत एक आणि माझेही एकच.

आपला घोळ होतो तो एका शब्दामुळे. विचार म्हणजेही मत आणि मतपेटीत पडते तेही मत. पहिले तपासून घ्यावे, खोडून काढावे. दुसरे तपासायचे नसते, मोजायचे असते.

इंग्रजांच्या राज्यात मतदानाला मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. डॉ. आंबेडकरांनी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, पुढे 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. ज्यांच्या जगण्याचे नियम ठरतात त्यांना ते ठरवण्यात वाटा हवाच, हा त्यांचा आग्रह. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी चिन्ह पाहून मत दिले आणि लोकशाही उभी राहिली.

म्हणून माझ्यापुरते मी ठरवले आहे : पदवीनंतर तो दुसऱ्या मताचा अर्ज भरायचा नाही. माझा रूम पार्टनर म्हणतो, "तू नाही भरलास तर दुसरे भरतील, फरक काय पडणार?" त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि त्याने अर्ज भरला म्हणून मी भांडणार नाही. पण चार वर्षे शिकून माझे मत मावशींच्या मतापेक्षा जड झाले, हे मला पटत नाही. शिक्षणाने माझे काम तेवढे वाढले आहे. काकांना टर्बाइन नीट समजावून सांगायचे, आणि पाड्यावर पाणी कसे पोचेल ते मावशींकडून नीट समजून घ्यायचे.