दिवा कधी लागतो, कधी नाही

गुरुवार, २६ जून २०२५. उधना, सुरत

पाऊस आज जरा दमला. सोमवारी अर्धं शहर पाण्यात होतं, लिंबायतकडे मिठी खाडीचं पाणी अजून रेंगाळतंय. गॅरेजपुढे पाण्यात बंद पडलेल्या रिक्षा आणि ॲक्टिवांची रांग आहे. तिच्यामागून एक अवजड गिऱ्हाईक आलं. कतारगामच्या एका हिरेवाल्या शेठची फोर बाय फोर, परदेशी बनावट, डिझेल, सात सीट, चारही चाकांवर हवेचं सस्पेन्शन. कंपनीचं नाव वहीत लिहीत नाही. ही तक्रार कुठल्याही कंपनीच्या गाडीत येऊ शकते.

तक्रार अशी: चालता चालता सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी खाली बसते. त्याच वेळी एबीएसचा दिवा, उतारावर वेग धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा संदेश आणि इलेक्ट्रिक हँडब्रेकची कुरकुर. बंद करून पुन्हा सेल्फ मारला की सगळं साफ. मग कित्येक दिवस काही नाही. आधीच्या एका गॅरेजने कंप्रेसर नवा घातला. दिवा थोडे दिवस गप्प बसला आणि परत आला.

शेठचं निदान तयार होतं: "भाई, हवा लीक थाय छे, एटले ब्रेकमां हवा ओछी पडे छे." मी वाद घातला नाही. ड्रायव्हरला चहा पाजला. तो दिंडोलीत राहतो, मूळ शिरपूरकडचा. म्हणाला, "भाऊ, पाऊस असला की जास्त होतं. सकाळी सेल्फ मारल्या मारल्या, नाहीतर सहारा दरवाज्याच्या सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून बसलो की. कोरड्या दिवशी हायवेला कधीच नाही." शेठपेक्षा ड्रायव्हरचं ऐकावं, हा माझा जुना नियम. गाडीसोबत दिवस तोच काढतो.

मग स्कॅनर लावला. सस्पेन्शनच्या मॉड्युलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, कमी व्होल्टेजचा कोड. एबीएसमध्ये कमी व्होल्टेज, शिवाय ब्रेक स्विचच्या सिग्नलबद्दल शंका. गिअरबॉक्स आणि हँडब्रेकमध्ये 'यू' अक्षराचे कोड, म्हणजे दुसऱ्या मॉड्युलकडून निरोप आला नाही अशी फिर्याद. सगळ्यांचे फोटो काढले, कोडसोबत नोंदलेलं व्होल्टेज आणि किलोमीटरही वहीत उतरवले. पोऱ्याचं बोट 'इरेज'कडे निघालं होतं, ते अडवलं. कोड आधी पुसणं म्हणजे पंचनाम्याआधी खोली धुऊन काढणं.

शुक्रवार, २७ जून

रथयात्रेमुळे अर्धे कारागीर सुट्टीवर. मला बरंच झालं, हवेची बाजू शांतपणे तपासली.

काल संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही चाकांच्या मधल्या बोल्टपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने उंची मोजून ठेवली होती. सकाळी पुन्हा मोजली. फरक दोन-तीन मिलिमीटरचा, म्हणजे काहीच नाही. बेलो म्हणजे हवेच्या रबरी पिशव्या, पाइपचे सांधे, वॉल्व्ह ब्लॉक, सगळ्यांवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडा नाही. कंप्रेसर नवाच आहे, टाकी वेळेत भरतो. ड्रायरमधले सिलिका जेलचे दाणे जुने झाले की भुगा होऊन वॉल्व्हमध्ये अडकतात. तीही शंका होती, म्हणून एक सांधा उघडून पाहिला. स्वच्छ.

उघडण्याआधी प्रेशर स्कॅनरवरून सोडलं आणि चेसिसखाली चार स्टँड लावले. पोऱ्या नुसत्या जॅकवर आत शिरत होता, त्याला कॉलर धरून बाहेर काढला. या यंत्रणेत दहा बारच्या वर दाब असतो. टायरमध्ये असतो सव्वादोन-अडीच बार. पाइप सुटला तर डोळा जाईल, आणि बेलो रिकामा झाला तर दोन टनांहून जड गाडी अंगावर बसेल. हवेच्या गाडीखाली स्टँडशिवाय कुणी गेलं तर त्या दिवशी पगार नाही, हे फळ्यावर लिहून टाकलं.

हवा निर्दोष.

रविवार, २९ जून

शेठला फोनवर समजावत होतो, तेव्हा त्याच्या डोक्यातला गोंधळ कुठून आला ते कळलं. सुरतेत ज्याने त्याने सौराष्ट्राच्या ट्रॅव्हल्सने प्रवास केलेला. कामरेजच्या पुढे बस थांबली की फुस्स आवाज येतो, तो सगळ्यांना पाठ आहे. बसमध्ये ब्रेक हवेचे आणि बहुतेक आरामबसमध्ये सस्पेन्शनही हवेचंच. एकच कंप्रेसर दोघांना हवा पुरवतो. म्हणून तिथे मधे संरक्षक वॉल्व्ह असतात. सस्पेन्शनचा बेलो फुटला तरी ब्रेकच्या टाकीतली हवा जाऊ नये, अशी ती व्यवस्था. हवेच्या ब्रेकचं मूळ वेस्टिंगहाऊसने १८६९ साली आगगाडीसाठी घेतलेल्या पेटंटमध्ये आहे, दीडशे वर्षांत तत्त्व फारसं बदललेलं नाही.

शेठच्या गाडीत तसं नाही. ब्रेक तेलाचे. हवा फक्त गाडी वर-खाली करते. खडबडीत रस्त्याच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक ताब्यातलं हवेचं सस्पेन्शन १९९२मध्ये रेंज रोव्हरने दिलं. चिखलात पोट टेकू नये म्हणून उंच व्हायचं, हायवेला खाली बसायचं, चढताना म्हाताऱ्या माणसांसाठी आणखी खाली. त्या हवेचा एक कणही ब्रेककडे जात नाही.

मग दोन्ही दिवे एकत्र का? त्यांच्यात काय सामाईक आहे ते लिहून काढलं: बॅटरी, चेसिसवरचं अर्थिंग, ब्रेक पेडलचा स्विच, चाकांच्या वेगाची माहिती, आणि सगळ्या मॉड्युलना जोडणाऱ्या दोन तारा. गुन्हेगार या यादीतच असणार. आता एकेकाला बोलावायचं.

मंगळवार, १ जुलै

त्या दोन तारांपासून सुरुवात. बॉशने १९८६मध्ये जगापुढे मांडलेली ही कॅन पद्धत. तिच्याआधी प्रत्येक निरोपाला वेगळी तार लागायची. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मोजलं तर ६० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. आला. तारा हलवल्या, कपलर ओढून पाहिले, आकडा ढळला नाही. तारा सुटल्या आरोपातून. 'यू'चे कोड म्हणजे निरोप पोचला नाही एवढंच. तो बोलणाऱ्या मॉड्युलची वीज क्षणभर गेली म्हणून पोचला नसेल, तर तारांचा काय दोष?

ब्रेक स्विच मात्र संशयित निघाला. आत दोन संपर्क असतात, एक जुळतो तेव्हा दुसरा सुटतो, म्हणजे कॉम्प्युटरला खात्री करून घेता यावी. स्कॅनरवर दोन्ही पाहत पेडल अगदी हळू दाबलं. एक लगेच पलटला, दुसरा मागे रेंगाळला. ब्रेकच्या तेलात दाब चढलेला, आणि एक संपर्क म्हणतो पाय पेडलवर नाहीच. एबीएसने संशय घेतला यात नवल नाही. ब्रेक मारताना गाडीचं नाक खाली जातं, त्या वेळी सस्पेन्शनने उंची बदलू नये म्हणून हा सिग्नल त्यालाही लागतो. एवढ्याशा प्लास्टिकवर चार यंत्रणा विसंबून आहेत.

पोऱ्या खूश झाला, "भाऊ, सापडनं!" त्याला थांबवलं. स्विचने ब्रेकची शंका उलगडते. कमी व्होल्टेजचा कोड आणि पावसाचा संबंध त्याने उलगडत नाही. अर्धं उत्तर हाताशी आलं की गाडी द्यायचा मोह होतो, आणि तीच गाडी महिन्याने ओरडत परत येते.

गुरुवार, ३ जुलै

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

बॅटरी ठीक, अल्टरनेटर ठीक. मग अर्थिंग. आधीच्या गॅरेजने ते तपासलं होतं म्हणे. तपासलं असेल, मीटरची बीप ऐकून. अडचण अशी की बीप खोटा दिलासा देते. ०.०५ ओहमचा अडथळा साध्या मीटरवर दिसत नाही, मीटरच्या स्वतःच्या वायरीच त्याहून जास्त दाखवतात. पण कंप्रेसर चालू झाला की २५ अँपिअरच्या घरात करंट ओढतो. २५ गुणिले ०.०५ म्हणजे सव्वा व्होल्ट तिथेच गडप. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम आहे हा.

म्हणून भार चालू ठेवून मोजायचं. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी मॉड्युलच्या अर्थिंगच्या बोल्टवर. मधे ०.१ व्होल्टच्या आत आलं तर मी निश्चिंत. इंजिन चालू, दिवे चालू, पोऱ्या ब्रेकवर पाय ठेवून, मी गाडी उंच करायचं बटण दाबलं. आकडा ०.३. वाईट, पण दिवा लागेल इतका नाही.

मग ड्रायव्हरचं वाक्य आठवलं: पाऊस असला की. डाव्या मडगार्डच्या आतलं प्लास्टिक काढून तिथल्या जोडावर फवाऱ्याने पाणी मारलं आणि तोच खेळ पुन्हा केला. आकडा चढू लागला, १.४ला पोचला आणि आतून पोऱ्या ओरडला, "भाऊ, बत्ती पेटनी! दोन्ही पेटन्यात!"

तो बोल्ट पांढऱ्या-हिरव्या पुडीने माखलेला होता. सस्पेन्शन आणि एबीएस, दोघांचं अर्थिंग त्याच एका बोल्टवर बसलेलं. फटींत काळी रेती. आता शंका उरली नाही: डुमसचा समुद्रकिनारा. ड्रायव्हरने मान खाली घालून सांगितलं की गेल्या हिवाळ्यात शेठची मुलं गाडी किनाऱ्यावर घेऊन गेली होती, चाकं रुतली, भरतीचं पाणी लागलं, ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. किनाऱ्यावर गाडी न्यायला पोलिसांची बंदी आहे, तरी दरवर्षी कुणी ना कुणी रुततोच. फोर बाय फोर असली की माणसाला वाटतं समुद्र आपलाच. खारं पाणी वरून धुतलं जातं, जोडांत शिरलेलं तिथेच राहतं.

कोरड्या दिवशी हा जोड कसाबसा काम भागवतो. दमट दिवशी, कंप्रेसर चालू होण्याच्या नेमक्या क्षणी, अर्थिंगचं व्होल्टेज वर उचललं जातं. दोन्ही मॉड्युलना वाटतं बॅटरी बसली, दोघंही आपापल्या नावाने कोड लिहून गप्प होतात. बाकीचे त्यांची वाट पाहून 'यू' लिहितात. नवा कंप्रेसर आला तेव्हा जुन्याची धडपड थांबली, करंट थोडा उतरला, म्हणून दिवा काही दिवस दिसला नाही. आधीच्या कारागिराला आपलं बरोबर आलं असं वाटलं असणार. मलाही वाटलं असतं.

बोल्ट काढला, पत्रा चमकेपर्यंत घासला, वायरीचं काळं पडलेलं टोक कापून नवी लग दाबून बसवली, घट्ट करून वरून ग्रीस. पुन्हा तोच फवारा, तोच ब्रेक, तेच बटण. ०.०६.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. सकाळी विठ्ठलमंदिरात गर्दी, घरी साबुदाणा. आमचे वडील अमळनेरहून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेला आले ते साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, काम करायला; त्यांच्या पिढीने इथे आधी खोली शोधली आणि मग देऊळ.

दुपारी नवा ब्रेक स्विच आला, बसवला, दोन्ही संपर्क बरोबरीने पलटतात. पावसातच चाचणीला निघालो. दिंडोलीच्या पुलावर चढ-उतार, खड्ड्यांचा रस्ता, सहारा दरवाज्याचा सिग्नल, ब्रेकवर पाय. मुद्दाम उंची वर-खाली करत राहिलो. ड्रायव्हर शेजारी बसून दिव्यांकडे बघत होता, मी रस्त्याकडे. काही नाही.

शेठचा फोन आला: शनिवार-रविवारी सापुताऱ्याला जायचंय, आजच गाडी द्या. नाही म्हटलं. एबीएसचा दिवा लागला तरी साधा ब्रेक लागतो हे खरं, पण ओल्या घाटात चाक लॉक होऊन गाडी घसरली तर ते खरं असून उपयोग नाही. आणखी दोन पावसाळी सकाळी गाडी माझ्याकडे थंड सुरू झाल्याशिवाय मी सही करत नाही.

बुधवार, ९ जुलै

दोन्ही सकाळी साफ. बिल दिलं. शेठने ते उलटंपालटं करून पाहिलं. "पार्ट तो एक स्विच अने एक लग. मजूरी आटली बधी?" कंप्रेसरला याच्या कितीतरी पट पैसे त्याने न कुरकुरता दिले होते, कारण तो खोक्यात बंद होऊन आला होता. न बदललेल्या वस्तूंचे पैसे कुणाला द्यावेसे वाटत नाहीत. हिऱ्याच्या धंद्यातल्या माणसाने तरी हे विचारू नये. कच्च्या दगडात दोष कुठे आहे हे ओळखणाऱ्याला तिथे चांगला पगार मिळतो, हे मी त्याला सांगितलं. हसला. शंभर रुपये तोडून बाकीचे दिले.

सोमवार, १४ जुलै

सापुताऱ्याहून गाडी परतली. ड्रायव्हरला मी एक छोटी वही दिली होती: दिवा लागला तर वेळ, पाऊस होता का, पाय ब्रेकवर होता का, एवढं लिहायचं. घाटात पाऊस होता असं लिहून आणलंय. दिव्याच्या रकान्यात काही नाही.

ही पानं ज्याच्या हातात पडतील त्याला एवढंच सांगणं: तुमच्या गाडीत हवेचा आणि ब्रेकचा दिवा एकाच वेळी लागत असेल तर महागडा पार्ट मागवण्याआधी गॅरेजवाल्याकडून दोन गोष्टी मागून घ्या. पुसण्याआधीच्या सगळ्या कोडांचा फोटो, आणि कंप्रेसर चालू असताना अर्थिंगवर मोजलेला व्होल्टेजचा आकडा. दुसरा आकडा जो सांगू शकत नाही, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.